आपल्या आसपास काय आहे ते फोनवर कसं शोधता? (भिगवण, इंदापूर, करमाळा)

आजोळकरीण
मंडळी, नवऱ्याच्या बदलीमुळे जूनपासून भिगवणला राहतेय. आख्खं आयुष्य पुण्यात गेलं, तिथं कुठं काय हे कुणाला विचारायला लागत नाही, इथं मात्र रविवार उजाडला की जायचं कुठं हा प्रश्न. फोनवर 'जवळपासची ठिकाणं' टाकलं तर पेट्रोल पंप, एटीएम, मंगल कार्यालयं आणि मच्छीची हॉटेलं येतात (मच्छीबद्दल तक्रार नाही, आठवड्यातून दोनदा होतेय). तुम्ही लोक आसपासची जुनी देवळं, विहिरी, पक्षी, काहीही, कुठल्या अ‍ॅपवर शोधता?

दुसरं कारण जरा घरचं आहे. आईचं माहेर याच भागातलं, भीमा नदीच्या पलीकडच्या काठाला करमाळा तालुक्यात, आणि ते गाव उजनीच्या पाण्यात गेलं. १९८० ला धरण पुरं झालं तेव्हा आई चौदा-पंधरा वर्षांची होती. नवं गाव वर माळावर वसलं, नाव तेच, त्यामुळे नकाशावर नाव टाकलं की ते नवंच दिसतं. जुनं नक्की कुठं होतं ते आई हातवारे करून सांगते, मला काही कळत नाही. ते शोधायचा काही मार्ग असेल तर सांगा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लगेच सगळे पाहुणे निघतील.

टिटवी
अगं तू भिगवणला राहतेस आणि कुठं जाऊ विचारतेस? आम्ही पहाटे तीनला पुण्यातून निघतो तिथं यायला!

ईबर्ड टाक फोनमध्ये. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं आहे, २००२ पासून चालू, फुकट. त्यात 'हॉटस्पॉट' म्हणून नकाशा असतो, तुझ्याभोवती पक्षी बघायच्या जागा कुठल्या आणि तिथं लोकांनी काय काय पाहिलं ते दिसतं. मला सगळ्यात आवडतो तो बार चार्ट, कुठला पक्षी कुठल्या महिन्यात किती वेळा दिसला त्याच्या हिरव्या पट्ट्या. पट्टकादंबाची पट्टी हिवाळ्यात जाड होते आणि पावसाळ्यात गायब. रोहित (फ्लेमिंगो) बघायला पाणी जरा उतरून चिखल उघडा पडला की जायचं, जानेवारीच्या पुढं. कुंभारगाव आणि डिकसळ दोन्हीकडं नावा मिळतात. सकाळी सातच्या आत, नंतर उन्हात सगळं थरथरतं आणि फोटो गेलेच म्हणून समज.

सुताराचा_नातू
विकिपीडियाच्या अ‍ॅपमध्ये जवळपासच्या लेखांचा नकाशा असतो, लोकेशन चालू केलं की भोवतीच्या ज्या ज्या ठिकाणावर लेख आहे त्याचा ठिपका येतो. भाषा बदलून बघा हं, इंग्रजीत एक दिसतं आणि मराठीत दुसरंच. अट एकच, लेखात अक्षांश-रेखांश भरलेले पाहिजेत, नाहीतर लेख असूनही नकाशावर नाही.

आणि ऑर्गॅनिक मॅप्स. ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशाचा डेटा वापरतं, एकदा उतरवून घेतलं की रेंज नसली तरी चालतं. धरणाच्या कडेला रेंजची बोंबच असते.

कडकलक्ष्मी
मराठी विकिपीडियावर गावाचं पान उघडा म्हणजे कळेल. अमुक तालुक्यातलं एक गाव आहे, आणि खाली हवामान: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन ऋतू असतात. बरं झालं सांगितलंत, आम्हाला वाटलं आमच्याकडं पाच असतात.

सुताराचा_नातू
हसू नका, तुम्ही लिहा की मग. संपादन करायला लॉगिनसुद्धा लागत नाही.

कडकलक्ष्मी
लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या बारवेबद्दल चांगल्या तीन ओळी लिहिल्या, 'संदर्भ हवा' म्हणून गेल्या. संदर्भ काय देऊ, विहिरीचा जबाब?

भीमाथडी_तट्टू
आवो ताई, कशाला आ‍ॅप न बिप. पळसदेवला जावा. जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्यात हाय. धरण लै खाली गेलं की आदी शिखर दिसाया लागतं, आन दुष्काळाच्या साली आख्खं देऊळ उघडं पडतं, लोकं चालत जाऊन दर्शन घेत्यात. पलीकडं कुगावला इनामदारांचा वाडा हाय, त्योबी तसाच, पाणी उतरल्याबिगर दावत न्हाई. डिकसळचा इंग्रजांच्या टायमाचा पूल बघा, आदी त्याच्यावरनं रेल्वे जायाची. पुणे-डिकसळ गाडी १८५८ ला चालू झाली, म्हंजी सोलापूरला रेल्वे पोचायच्या आदी आमच्या डिकसळला पोचलीया. धरण झालं आन रेल्वेचा मार्ग हलला.

ह्यातलं किती तुमच्या फोनमदी हाय ते बघून सांगा.

आजोळकरीण
@भीमाथडी_तट्टू दादा, बघितलं. पळसनाथ आहे, फोटोपण आहेत. बाकीचं शोधताना झालेली गंमत सांगते. परवा डिकसळचा पूल ओलांडून पलीकडं निघालो होतो, फोनवरच्या बाई म्हणाल्या पुढं उजवीकडं वळा, वळलो, डांबरी संपली, मग मुरूम, मग दोन्ही बाजूला ऊस, आणि मग समोर पाणी. म्हणजे रस्ता संपला नाही, रस्ता सरळ पाण्यात गेला! स्क्रीनवर निळी रेघ पुढंच चाललीय आणि बाई म्हणतायत चारशे मीटर सरळ जा. जाळं आवरणारे एक आजोबा बघत उभे होते, म्हणाले, "ह्या महिन्यातली तुमची चौथी गाडी." नवऱ्याला उसाच्या कडेनं गाडी मागं घ्यायला वीस मिनिटं लागली आणि त्यात माझं नाव तीनदा घेतलं गेलं.

टिटवी
हाहाहा चौथी गाडी

नकाशेवाला
हा धागा आधी बघितला नाही याचं वाईट वाटलं. आजोळकरीण, तुमचं काम होण्यासारखं आहे, पण एका अ‍ॅपनं होणार नाही. आजच्या नकाशात तुमचं गाव नसणारच, नकाशा पाण्याच्या आधीचा पाहिजे. सावकाश वाचा, लांबेल.

आधी सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट. १७६७ साली सुरू झालेलं खातं आहे, १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट उतरवता येतात. नकाशांना क्रमांक असतात: पुणे शहर ४७ एफ मध्ये, तुमचा भिगवणचा पट्टा ४७ जे मध्ये आणि जेऊर-करमाळा त्याच्या पूर्वेला ४७ एन मध्ये. पण हे नवे नकाशे, यात धरण निळं दाखवलेलंच आहे. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) आणि विहिरी बघायला उत्तम, तुमच्या कामाचे नाहीत.

जुन्यासाठी टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जा. अमेरिकी लष्करानं १९५० च्या दशकात भारताचे १:२,५०,००० चे नकाशे छापले, त्या मालिकेला यू५०२ म्हणतात, सगळे स्कॅन करून ठेवलेत. एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, त्यामुळे गाव म्हणजे एक टिंब आणि शेजारी नाव, पण भीमा तिच्या मूळ पात्रात वाहताना दिसते. स्पेलिंग मनाला येईल तसं आहे, नाव मोठ्यानं वाचत शोधा. सापडलं की तो तुकडा कापून गुगल अर्थमध्ये 'इमेज ओव्हरले' म्हणून टाका, जे हललेलं नाही त्यावर जुळवा (टेकडी घ्या, किंवा धरणाच्या पाण्याबाहेरचं जुनं गाव), आणि पारदर्शकतेची पट्टी इकडं-तिकडं सरकवा. पाण्यातून टिंब वर येतं.

गुगल अर्थचा टाइमलॅप्स बघू नका, तो १९८४ पासून आहे, तोवर तुमचं गाव बुडालेलं. 'लँडसॅट-१' हा अमेरिकी उपग्रह जुलै १९७२ मध्ये वर गेला, त्या मालिकेची सत्तरच्या दशकातली चित्रं यूएसजीएसच्या (अमेरिकेचं भूगर्भ खातं) अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर मिळतात. एक ठिपका साधारण ८० मीटरचा, म्हणजे आख्खं गाव दहा-पंधरा ठिपक्यांत. नदी दिसेल, घर नाही.

घर बघायचं असेल तर कोरोना. तो रोग नव्हे. अमेरिकेचे हेरगिरी करणारे उपग्रह होते, १९६० ते १९७२. कॅमेऱ्यात खरीखुरी फिल्म, ती डब्यात भरून वरून सोडायची, पॅराशूट उघडायचं आणि विमानानं ते हवेत झेलायचं. १९९५ ला ती छायाचित्रं खुली केली. नंतरच्या कॅमेऱ्यांत दोन-तीन मीटरपर्यंतचं दिसतं, म्हणजे वाडा, वाड्याचा चौक, मोठं झाड, त्याची सावली. तीही अर्थएक्सप्लोररवरच. कुणीतरी आधी स्कॅन करून घेतलेली असतील तर फुकट, नाहीतर एका फ्रेमचे ३० डॉलर. पट्टी लांबलचक आणि कडेला वाकडी असते, उत्तर वर असेलच असं नाही. चिकाटी लागते.

भीमाथडी_तट्टू
काका तुमचे पाय कुटंयत

मँचेस्टरचा_म्हाद्या
नकाशेवाला काका, दंडवत. इकडं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं हेच काम सगळ्यांसाठी आयतं करून ठेवलंय, डावीकडं शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा आणि उजवीकडं आजचा, एकीकडं बोट सरकवलं की दुसरीकडं पण सरकतं. आणि जिओग्राफ नावाची साइट आहे २००५ पासूनची, आख्ख्या देशाचे एक-एक किलोमीटरचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाचा निदान एक फोटो लोकांनीच काढून टाकायचा. त्यात इतके कंटाळवाणे फोटो आहेत म्हणून सांगू, नुसतं कुंपण, नुसती गटाराची जाळी. पण गेल्या वर्षी घरामागचा कालवा बुजवला तेव्हा त्याच कंटाळवाण्या फोटोंसाठी आख्खी गल्ली भांडत होती. इंदापूर तालुक्याचं असं कुणी केलं तर पहिला चौकोन मी घेतो, आजीच्या गोठ्याचा.

निवृत्त_टपालवाला
थोडं अवांतर. जागा शोधायच्या गोष्टी चालल्यात म्हणून सांगतो, आपला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, शिवाय संस्कृत कवी. सहा आकड्यांत गाव बसवणं म्हणजे वृत्तात शब्द बसवण्यासारखंच की! पहिला ४ दिसला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड. आता खात्यानं डिजिपिन काढलाय, दहा अक्षरं-आकडे, आणि देशाचा चार मीटर बाय चार मीटरचा एकेक चौकोन. म्हणजे तुमच्या आईंच्या बुडालेल्या घरालासुद्धा डिजिपिन आहे बरं का. पत्र मात्र पोचवता येणार नाही.

कडकलक्ष्मी
काका शेवटच्या वाक्याला टाळ्या घ्या

अनवाणी
सगळं वाचतोय. एक वेगळा मुद्दा. हे सगळं नकाशावर टाकणं चांगलंच असं धरून चाललोय आपण. आमच्याकडं माळावर दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) होते, मीच हौसेनं फोटोसकट लोकेशन टाकलं. आठ महिन्यांनी गेलो तर एकाच्या बुडाशी कमरेएवढा खड्डा, लिंबू-हळदकुंकू पडलेलं. गुप्तधनवाले. दगड आडवा झालेला. तेव्हापासून मी काही टाकत नाही.

सुताराचा_नातू
वाईट झालं. पण दुसरी बाजू पण बघा, नोंद नसलेल्या दगडाचं काय होतं? रस्ता रुंद होतो आणि तो भरावात जातो, कुणाला पत्ता नाही. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या बारव मोहिमेत लोकांनी जिल्ह्याजिल्ह्यातल्या बारवा नकाशावर टाकल्या, त्यामुळे कितीतरी ठिकाणी गावकऱ्यांनी गाळ काढला, महाशिवरात्रीला दिवे लावले. आधी त्या बारवेत कचरा टाकत होते तीच माणसं.

अनवाणी
बारव उचलून नेता येत नाही. वीरगळ येतो.

टिटवी
पक्ष्यांच्यात याचं उत्तर काढलंय थोडंफार. आयनॅचरलिस्ट म्हणून प्राणी-पक्ष्यांच्या नोंदींचं अ‍ॅप आहे, त्यावर धोक्यातल्या प्रजातीची नोंद टाकली तर जागा आपोआप धूसर होते, वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी टिंब पडतं. नोंद राहते आणि घरटं पण राहतं. घुबडाच्या ढोलीचं लोकेशन मी तर जवळच्या मैत्रिणीला पण देत नाही. दगडांसाठी असं काही नाहीये ना?

नकाशेवाला
नाही. मी वहीत लिहितो आणि एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात देतो. हसाल तुम्ही, पण अनवाणी यांचा अनुभव वाचून बरंच केलं असं वाटतंय. मोठी, पूजेतली, सगळ्यांना ठाऊक असलेली ठिकाणं जरूर टाकावीत. माळावर एकटं पडलेलं काही असेल तर आधी गावात बोलावं.

अनवाणी
हे पटलं.

आजोळकरीण
मध्ये महिनाभर गायब होते, माफी. तुम्ही सांगितलेलं बरंच पाहून झालं. लोणी भापकरची पुष्करणी बघितली, करमाळ्याला कमलाभवानीच्या देवळाची ९६ पायऱ्यांची विहीर उतरले (चढताना ९६ च्या १९६ झाल्या), पेडगावचा किल्ला राहिलाय, सिद्धटेक तर सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात उरकून घेतलं होतं. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं एक अ‍ॅप मिळालं, चालता चालता बारके बारके प्रश्न विचारतं, या रस्त्यावर दिवे आहेत का, या दुकानाची वेळ काय, आणि आपण दिलेलं उत्तर ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला तिसऱ्यांदा वेळ विचारल्यावर तो मला म्हणाला, मॅडम तुम्ही अन्न-औषधवाल्या का?

आता मुख्य. नकाशेवाला काका, सापडलं.

यू५०२ वर नाव इतकं वाकडं होतं की दोन रात्री त्याच्यावरून बोट गेलं आणि कळलं नाही. ओव्हरले जमवायला भाच्याला बसवलं. टिंब आलं ते आत्ताच्या काठापासून बरंच आत, पाण्यात. मग अर्थएक्सप्लोरर. तीन पट्ट्या बघितल्या, दोन ढगात, तिसरी आधीच स्कॅन झालेली मिळाली, साठच्या दशकातली. काळीपांढरी, दाणेदार, जुन्या पेपरातल्या फोटोसारखी. नदीचं वळण आधी ओळखलं, मग आतल्या बाजूला राखाडी पुंजका.

आईला टॅबवर दाखवलं. चष्मा लावून, चष्मा काढून, परत लावून बघितलं आणि म्हणाली, "हे उलटं लावलंय." मी म्हटलं अगं उत्तर वर आहे, बरोबर लावलंय. तर म्हणे उत्तर असू दे कुठंपण, ओट्यावर बसलं की नदी समोर, उगवती डाव्या हाताला. हिनं नदी वर ठेवायची ती खाली ठेवलीय. मग डोक्यात उजेड पडला, ते काठाच्या उत्तरेचं गाव, तिथली माणसं नदीकडं बघताना दक्षिणेकडं बघणार. टॅब आख्खा उलटा फिरवला (तो लबाड चित्र परत सुलटं करत होता, भाच्यानं कुलूप लावून दिलं) आणि टेबलावर आडवा ठेवला.

त्यानंतर मला काही बोलायला लागलं नाही. बोट ठेवून सांगत गेली. हा वाडा, मधला काळा चौकोन म्हणजे चौक. ही पाणवठ्याची वाट, ती बघ पांढरी दिसतेय, तुडवून तुडवून. हा काळा ठिपका वड, याच्याखाली बाजार. ही वरल्या अंगाची आळी, ही खालल्या अंगाची. वरली-खालली म्हणजे चढ-उतार असेल असं मला आजवर वाटायचं, ती नदीच्या वाहण्यावरनं होती, पाणी येतं ती वरली.

मग म्हणाली थांब, आपलं घर दाखवते. वडापासून बोट निघालं, देवळाच्या मागून, एका मोकळ्या पांढऱ्या तुकड्यावर आलं आणि थांबलं. परत वडापाशी गेली, परत तिथंच आली. काहीच नव्हतं तिथं. मला वाटलं झालं, चुकीचं गाव काढलं मी. बराच वेळ बघत होती. मग हसायलाच लागली, म्हणाली, "कसं दिसंल, अप्पांनी घर बांधलं बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली. हे खळं हाय आपलं." म्हणजे घर फोटोनंतर झालं आणि धरणाआधी, नऊ वर्षं होतं फक्त, ते वरच्या उपग्रहाला पण नाही मिळालं आणि खालच्या नकाशाला पण नाही.

प्रिंट काढून दिलीय, तिनं त्या खळ्यावर बॉलपेननं चौकोन काढलाय आणि दार कुठल्या बाजूला ते पण.

टिटवी
दोनदा वाचलं. काकूंना नमस्कार सांग.

नकाशेवाला
नदी वर आणि उगवती डावीकडं. चाळीस वर्षं नकाशे बघतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या प्रिंटचा एक फोटो काढून ठेवा, बॉलपेन उडतं.

निवृत्त_टपालवाला
त्या चौकोनाचा डिजिपिन काढून खाली लिहून ठेवा. माझ्या समाधानासाठी.

आजोळकरीण
काढते काका. बरं @भीमाथडी_तट्टू दादा, आई विचारतेय, धरण किती मायनसमध्ये गेलं की जुन्या गावापर्यंत जाता येतं?

भीमाथडी_तट्टू
ताई, उजनी ११७ टीएमसीचं, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, म्हंजी मायनसमदी गेलं तरी पाणी लै असतंय. पळसनाथाचं शिखर दिसलं म्हंजी तुमचं दिसंलच आसं न्हाई, परत्येक गावाची उंची येगळी. मे मदी फोन करा, आमचा चुलता नाव चालवतो, त्याला ती परिंट दावू. आन प्रिंट उलटी धरून आणा, त्यो बी तुमच्या आईच्याच काठाचा हाय.